पडद्यामागचं ताट

रमजानच्या महिन्यात आमच्या घरी उपाशी राहणाऱ्यांपेक्षा जेवणाऱ्यांची पंचाईत जास्त होते. बाई पोटुशी असो, अडचणीत असो, नाहीतर तापानं फणफणलेली असो, तिला रोजा माफ असतो. पण माफ असला म्हणून तिनं रोजेदारांच्या पुढ्यात बसून घास चघळायचा नाही. पडद्यामागं जायचं, पाठ फिरवून जेवायचं आणि ताट धुऊनच बाहेर यायचं. हे कुणी शिकवत नाही. मी लहानपणी आईला स्वयंपाकघराचं दार लोटून, भाकरी चोरून आणल्यासारखी घाईघाईनं खाताना पाहिलं आणि शिकले. याला दुसरीही बाजू आहे. ज्यानं रोजा धरलाय त्यानं तिकडं बघायचं नाही. काय खाल्लं, किती खाल्लं, विचारायचं नाही. आमच्यात याला अदब म्हणतात. या अदबीपायी माझ्या सासूबाईंचा जीव जायची वेळ आली होती, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

सासूबाईंना सगळी गल्ली अम्मा म्हणते, मीही म्हणते; त्या मला दुल्हन म्हणतात. युसूफ वडगावात आमचं घर मणियारांचं. अम्मांनी उभं आयुष्य आठवडी बाजारात आणि आसपासच्या वस्त्यांवर बांगड्या भरल्या. काचेच्या बांगडीसाठी हात कसा मऊ करायचा, दुखतंय म्हणणाऱ्या पोरीला बोलण्यात कसं गुंतवायचं, हे त्यांच्याकडून शिकावं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अम्मांना राग आला की त्या मराठीवर येतात. बाजारात घासाघीस करणाऱ्या बायकांशी हुज्जत घालता घालता भांडायला त्यांना हीच भाषा सापडली असावी. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे आमची भांडणं चांगली रंगतात आणि नवरा बिचारा दोन्हीकडून बोलणी खातो. तो एसटीत कंडक्टर आहे. घरापेक्षा गाडीत शांतता जास्त असते, असं तो म्हणतो.

अम्मांना साखरेचा आजार आहे हे कळलं तेव्हा तो जुना झाला होता. फुटक्या बांगडीची काच पायाच्या अंगठ्यात गेली आणि जखम काही केल्या भरेना, तेव्हा रक्त तपासलं. केजच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पुढं मूत्रपिंडावरही परिणाम दिसायला लागला, तेव्हा त्यांनी मला आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता रोजे बंद. ही गोळी घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर साखर इतकी खाली येते की माणूस बसल्या जागी जायचा. आम्ही बाहेर येऊन अम्मांना एवढंच सांगितलं की डॉक्टर रोजा नको म्हणतात. अम्मा मराठीवर आल्या. "त्यानं कदी धरलाय का रोजा? त्याला काय कळतंय?" बाळंतपणातले राहिलेले रोजेसुद्धा त्यांनी पुढच्या थंडीत एकेक करून भरून काढले होते. रोजा राहिला, हे त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

त्यातच नवऱ्याच्या फोनवर रोज काहीबाही येऊन पडायचं. रोज्यानं साखर मुळापासून जाते, रोज्यानं रक्त धुतलं जातं, मोठमोठ्या डॉक्टरांनी हे मानलं आहे. कोणत्या डॉक्टरांनी, ते लिहिलेलं नसायचं. अम्मांना वाचता येत नाही, पण वाचून दाखवणारे गल्लीत ढिगानं. माझं डोकं फिरायचं. रोजा चांगलाच, मीही धरते, आणि धडधाकट माणसाला त्यानं हलकं वाटतं हेही खरं. पण आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे, आपल्या अंगाचाही आपल्यावर हक्क आहे, पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, हेही आपल्याच दीनमध्ये, धर्मातच, सांगितलेलं आहे. ते कुणी कुणाला पाठवत नाही. आणि हे पाठवणाऱ्यांची इफ्तार बघावी! भजी, समोसे, लाल सरबत, वर पुन्हा बिर्याणी. दिवसभर रिकामं ठेवलेलं पोट संध्याकाळी पोतं भरावं तसं भरायचं आणि रोज्यानं तब्येत सुधारते म्हणून सांगत फिरायचं. मी हे बोलले की नवरा म्हणायचा, तू भजी खाऊ नकोस, माझ्या ताटात टाक.

रमजान तोंडावर आला तेव्हा आम्ही ठरवलं की अम्मांना डॉक्टरांचं पटत नसेल तर मौलानांचं पटेल. आमच्या मशिदीचे मौलाना तरुण आहेत, समजूतदार आहेत. नवऱ्यानं त्यांना घरी बोलावलं. ते बाहेरच्या खोलीत बसले, आम्ही दोघी आत. अम्मा बाजेवर, मी पडद्याजवळ चहाचा ट्रे घेऊन उभी. मौलाना नवऱ्याशी बोलत होते. त्यांनी सांगितलं की आजारी माणसं दोन प्रकारची. ज्याला बरं वाटण्याची आशा आहे त्यानं आता रोजे सोडावेत आणि बरं वाटल्यावर दुसऱ्या दिवसांत ते भरून काढावेत. ज्याच्या बरं होण्याची आशाच राहिली नाही, त्याला भरून काढायचे नाहीत. त्यानं प्रत्येक रोज्यापोटी एका गरिबाला जेवू घालावं. त्याला फिदया म्हणतात. अम्मांचं प्रकरण दुसऱ्यातलं आहे, असं ते म्हणाले. अशा माणसानं हट्टानं रोजा धरून जीव धोक्यात घातला तर त्यात पुण्य तर नाहीच, उलट गुन्हा आहे, हेही म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की मी मौलानांना दुसऱ्यांदा चहा पाठवला, सोबत बिस्किटंही.

अम्मा त्यावर "अच्छा" म्हणाल्या. एकच शब्द, तोही दखनीत. भांडण नाही, मराठी नाही. मला वाटलं, चला, सुटले.

रमजान सुरू झाला त्याच दिवशी नवऱ्यानं महिन्याभराचा फिदया गव्हाच्या रूपात एका निराधार बाईच्या घरी एकदम पोचवून टाकला. एसटीत असून हा माणूस एवढा वेळेवर कसा, म्हणून मी त्याची थट्टाही केली. अम्मा दारात उभ्या राहून पोतं जाताना बघत होत्या. 

तो रमजान उन्हाळ्यातला होता. माझी शाळा सकाळची. पहाटे सेहरी खायला आम्ही उठलो की अम्माही उठायच्या. झोपा म्हटलं तर म्हणायच्या, जन्माची सवय आहे, डोळा उघडतोच, आणि घरची सगळी उठलेली असताना मी काय मढ्यासारखी पडून राहू? आमच्याबरोबर थोडी भाकरी दुधात कुस्करून खायच्या आणि चहाबरोबर गोळी घ्यायच्या. गोळी नंतर नाश्त्याच्या वेळी घ्या, असं मी सांगितलं. तर तू शाळेत गेल्यावर मला आठवण कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखं होतं. मी नाश्त्याचा डबा भरून ठेवायची. दुपारी आल्यावर ताजी भाकरी करून, भाजी, ताक असं ताट मागच्या खोलीत नेऊन ठेवायची, पडदा ओढायची आणि बाहेर येऊन बसायची. थोड्या वेळानं धुतलेलं ताट बाहेर यायचं. अम्मा तोंड पुसत बाहेर यायच्या आणि न बोलता बाजेवर आडव्या व्हायच्या. मी एकदाही आत डोकावले नाही. का डोकावीन? रोजेदार सुनेनं म्हाताऱ्या सासूचे घास मोजत उभं राहायचं, हे आमच्यात शोभत नाही.

रमजान निम्मा सरला तशा अम्मा वाळत चालल्या. उन्हामुळं अन्न जात नाही, म्हणाल्या. चिडचिड वाढली. कधी हात थरथरायचे. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, ईद झाली की केजला नेऊ, आता तिला प्रवास नको. मीही मान डोलावली.

शेवटचे दहा दिवस सुरू झाले होते. दुपारची झोप लागली नाही म्हणून मी पेपर तपासत बसले होते. मागच्या खोलीतून अम्मांचा आवाज आला. त्या कुणाशी तरी बोलत होत्या आणि तो आवाज बाजारातला होता, गिऱ्हाइकाला हाक मारतानाचा. आत गेले तर त्या जमिनीवर बसलेल्या, पदर गळून पडलेला, अंग घामानं निथळत होतं. मी अम्मा म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला. उठायचं असेल म्हणून मी हात दिला. त्यांनी माझी बोटं एकत्र दाबली, अंगठा आत दुमडला आणि नसलेली बांगडी माझ्या हातावर चढवायला लागल्या. "ढिला सोड पोरी, हात ढिला सोड. लई दुखत न्हाई. अवंदा सुगी कशी झाली गं तुमची?" त्या मला ओळखत नव्हत्या. 

डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. मी पळत जाऊन साखरेचा डबा आणला आणि बोटावर साखर घेऊन त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी दात घट्ट आवळले. मी गाल दाबला, तर मान फिरवली आणि साखर थुंकून टाकली. कोण मी, कुठं आहोत, काही कळत नसलेली ती बाई एवढं मात्र स्पष्ट बोलली.

"रोजा हाय माझा. तोंडाला हात लावू नको."

मला ते कळायला क्षणभर लागलं. मग जे कळलं त्यानं माझा असा संताप झाला की भीती पळाली. मी त्यांना मांडीवर घेतलं, एका हातानं डोकं दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांच्या आत घालून हिरड्यांवर साखर चोळत राहिले. त्या मला कडाडून चावल्या. मी बोट काढलं नाही. मुखानं अल्लाहचं नाव घेत होते की अम्मांना शिव्या देत होते, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही. गल्लीतल्या एकाची जीप मिळाली, त्यातून केजला नेलं, सलाइनमधून साखर चढवली, तेव्हा कुठं संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. मी दवाखान्याच्या ओट्यावर नळाच्या पाण्यानं रोजा सोडला.

डॉक्टरांनी विचारलं, आज यांनी काय खाल्लं होतं? मी सांगितलं, पहाटे दूध-भाकरी, डब्यात उपमा, दुपारी भाकरी, दोडक्याची भाजी, ताक. त्यांनी कागदावरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. एवढं खाल्लेल्या माणसाची साखर इतकी खाली जात नाही, एवढंच म्हणाले. मला शरम वाटली, आणि शरम कशाची हेही कळेना. ताट तर मीच वाढलं होतं, आणि ते रिकामं होऊन बाहेर आलं होतं.

दवाखान्यात भेटायला आलेल्या बायकांनी बाकीचं काम केलं. आमच्या गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली. नोकरी करणारी सून, स्वतः रोजा धरते म्हणून म्हातारीच्या जेवणाकडं बघत नाही, उपाशी ठेवली तिला. कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले तेव्हा नळावरच्या बायका गप्प झाल्या, त्यावरूनच कळलं.

घरात शिरले तोच मागच्या दाराची कडी वाजली. आमच्या मागच्या अंगणाला लागून एका म्हातारीचं घर आहे. तिची मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली, कारखाना अजून बंद झाला नव्हता. ती दारात उभी राहून अम्मांची विचारपूस करायला लागली. मी सांगितलं, बऱ्या आहेत, उद्या घरी आणू. मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, "काल अम्मानं आवाज दिला न्हाई, तवाच मला वाटलं काईतरी इपरीत झालंय. बाई, तुमी रोज दुपारची भाकर धाडता, लई उपकार हायेत. माझ्या सुनासुदिक इतकं करत न्हाईत."

 मी धाडत नव्हते, हे तिला सांगितलं नाही. तिचा काय दोष? कुणी प्रेमानं भाकरी दिली, तिनं खाल्ली. अम्मा रोज पडद्यामागून मागच्या दारानं ताट तिला देत होत्या, नाश्त्याचा डबाही तिलाच. मग रिकामं ताट धुऊन, तोंड पुसून बाहेर येत होत्या. पडदा कुणी उघडणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती. त्याच अदबीत आम्ही सगळे वाढलो होतो.

गल्लीत खरं सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं. नळावर जावं, घागर आपटावी आणि सांगावं की मी उपाशी ठेवली नाही, तीच राहिली. नवरा म्हणाला, सांग, मी आड येणार नाही. पण मी सांगितलं नाही. म्हातारीनं आपला रोजा माझ्यापासूनसुद्धा झाकून ठेवला होता. तो नळावर नेऊन धुवायचा हे मला जमेना. त्यात माझा मोठेपणा काही नाही. मी रोज रात्री दातओठ चावत होते.

अम्मा घरी आल्या. ईद आली आणि गेली. शिरखुर्मा त्यांना वर्ज्य, तो कुणी त्यांच्यापुढं केलाही नाही. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. नवऱ्यानं ताट दिलं तर जेवायच्या, मी दिलं तर भूक नाही म्हणायच्या. माझ्या बोटावरची जखम अजून ओली होती आणि अबोला मलाच! दोन-चार दिवस सोसलं. मग एका सकाळी मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि तिथंच बसले. मराठीत म्हणाले, अम्मा, तुम्हाला मरायचंच होतं तर मला सांगायचं होतं, मी तरी एवढा जीव पाखडला नसता.

त्यांनी मान वर केली.

"मरायचं आस्तं तर तुमचा फिदया गप मानून घेतला आस्ता."

मला समजलं नाही. मी म्हणाले, फिदया तर तुमच्या सोयीसाठीच होता.

"सोय?" त्या म्हणाल्या. "भाईर बसून तुमी समद्यांनी ठरवलं, ही आता बरी व्हणार न्हाई. मी आत बसून आयकत व्हते. मला इचारलं का कुणी? डाक्टरनं माझ्या तोंडावर सांगितलं का? ज्याचं समदं संपलं त्यानं फिदया द्यायचा आस्तो. मागच्या साली गेली ती माझी जाऊ, अंथरुणाला खिळल्यावर तिचा फिदया दिला व्हता. तिचा झाला, आता माझा. पोतं उचलून महिन्याचा एकदम देऊन टाकला, मयतीचं सामान आणून ठेवावं तसा. मी अजून चालते, मी अजून बांगड्या भरते. मी कावून देऊ फिदया?"

 माझ्या कानावरही तेच शब्द पडले होते, त्याच पडद्याजवळ. मला त्यात सूट ऐकू आली होती. त्यांना निकाल ऐकू आला होता, आणि तो त्यांच्या पोटच्या मुलाच्या तोंडासमोर लागला होता. मला त्यांचा राग येतच होता, तो गेला नाही. पण आता तो एकट्या त्यांच्यावरच राहिला नाही.

मी मौलानांना गाठलं. मी शाळेतून येत असताना ते रस्त्यात भेटले, तिथंच उभं राहून मी सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. म्हणाले, मला जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं, ते चुकलं नव्हतं, पण ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्याशी बोलायला हवं होतं. मग म्हणाले की आशा आहे की नाही, हे मी ठरवू शकत नाही, ते डॉक्टर ठरवतील. डॉक्टर म्हणाले की थंडीतल्या लहान दिवसांत यांना जमेल, तर हे रोजे अम्मांकडून फक्त पुढं गेलेले समजा, त्या तेव्हा भरून काढतील. नाही जमलं तर फिदया आहेच. दीनमध्ये दोन्ही वाटा आहेत.

डॉक्टर आधी माझ्यावरच खेकसले. मग अम्मांना पहिल्यांदा एकटीला आत बोलावलं आणि बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर अम्मांनी सांगितलं, थंडीत एक रोजा धरून बघू म्हणतो. त्यासाठी गोळी बदलणार, त्या दिवशी बोटाला टोचून मधून मधून साखर बघायची आणि सत्तरच्या खाली गेली की त्या क्षणी रोजा सोडायचा. टोचल्यानं रोजा तुटत नाही, हे मौलानांकडून मी आधीच पक्कं करून घेतलं होतं. अम्मा सगळ्याला हो म्हणाल्या. उन्हाळा, पावसाळा त्यांनी पथ्य पाळलं. ताट माझ्या हातचं घ्यायला लागल्या. दिवाळी झाली तशी, अजून थंडी पडली नाही का गं, असं मला रोज विचारायच्या.

तो दिवस उजाडला तेव्हा घरात ईद असल्यासारखं होतं. नवऱ्यानं रजा टाकली होती. अम्मांना सोबत म्हणून मीही रोजा धरला. सेहरीला त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मुकाट्यानं खाल्लं, नवीन गोळी घेतली, ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या आणि उन्हात येऊन बसल्या. सकाळी टोचलं, ठीक. दुपारी टोचलं, ठीक. अम्मा खुशीत होत्या. कुठल्या वस्तीवरच्या कुठल्या नवरीनं बांगड्या भरताना कसा हात हिसडला आणि सगळा चुडा कसा फुटला, ते सांगून सांगून हसत होत्या. मी त्यांना इतकं बोलताना किती दिवसांत ऐकलं नव्हतं. मला वाटायला लागलं की जमणार.

ऊन कललं तशा त्या कमी बोलायला लागल्या. मग बोलायच्या थांबल्या. कपाळावर घाम होता. मी बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला, एकसष्ट. सूर्य अजून मावळायचा होता. रोजा सुटायची मगरीबची अजान व्हायला फार वेळ नव्हता, पण होता. मी यंत्र उलटं करून मुठीत धरलं. ज्या बाईच्या दातांत बोट घालून मी रोजा तोडला होता, तिला आज पंच्याऐंशी म्हणून खोटं सांगावं, असं मला मनापासून वाटलं. थोडंच तर राहिलं होतं. तेवढं तिला मिळू दे, असं वाटलं. नवरा माझ्याकडं बघत होता. त्यानंही विचारलं नाही.

अम्मांनी हात पुढं केला. "दाव."

त्यांना अक्षर येत नाही, पण आकडा येतो. बांगड्यांची मापं आयुष्यभर वाचली आहेत. त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं, खाली ठेवलं आणि साखरपाणी आण म्हणाल्या. मी आणलं. त्यांनी पेला स्वतःच धरला, बिस्मिल्ला म्हणून तोंडाला लावला आणि न थांबता सगळं पाणी प्याल्या. मी रोज्यात होते, नवरा भिंतीला टेकून उभा होता.  बऱ्याच वेळानं त्यांचा घाम सुकला. मग त्यांनी मला जवळ बसवलं.

"दुल्हन, तू खोटं बोलू नको. मी आता बरी व्हणार न्हाई का?"

नवरा घाईनं म्हणाला, अम्मा, असं काय बोलतेस, पुढच्या थंडीत बघू. त्या त्याच्याकडं वळल्या नाहीत. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

मी म्हणाले, "नाही, अम्मा. सांभाळलं तर पुष्कळ दिवस जाल. पण बरं होणार नाही."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. कुणीतरी एकदाचं त्यांना समोर बसून सांगितलं होतं, आणि ते मला सांगावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं.

"मग फिदया द्यायचा," त्या म्हणाल्या. "पण पोतं उचलून एकदम न्हाई. ज्या दिवसाचा त्या दिवशी, माझ्या हातानं वाढीन. मी मरेस्तोवर तुमी मधी यायचं न्हाई."

मी बरं म्हणाले. रमजानच्या आधीपासून मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ते ऐकलं आणि मला रडू आवरेना.